समुद्रतळातलं मळसूत्र

ॲबर्डीन, स्कॉटलंड
३ मार्च २०२५

ती. मामांस सविनय जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून आपण पत्रं लिहायला लागलो, पण आता मला पाकिटाचीच सवय झालीय. पूर्णेचा शिक्का दिसला की मी जिन्यातच फोडते.

आज एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगायची आहे. आईला मी सांगत आले की माझं काम प्रयोगशाळेत, वाळूच्या पेटीत चालतं. ते खोटं नाही. इतकी वर्षं मी तेच केलं. बोटभर लांबीचे पोलादी खांब वाळूत फिरवत घालायचे आणि ओढून बघायचे. ती पेटी एका अजस्र यंत्राच्या हाताला बांधून गरागरा फिरवतात. फिरताना वाळूचा कण न् कण कितीतरी पट जड होतो आणि वीतभर वाळू समुद्राच्या तळासारखी वागायला लागते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी दारातच खिळून उभी राहिले होते.

पण आता खरा खांब तयार झालाय, आणि तो समुद्रात घालायचा आहे.

इथे समुद्रात पवनचक्क्या उभ्या करतात. उथळ पाण्यात त्या तळावर पाय रोवून उभ्या राहतात. खोल पाण्यात पाय पुरत नाहीत, म्हणून तिथे पवनचक्की एका मोठ्या तरंगत्या सांगाड्यावर ठेवतात आणि सांगाडा साखळ्यांनी तळाला बांधतात. साखळीचं खालचं टोक ज्याला बांधायचं, तो माझा खांब. जाड पोलादी नळी आणि तिच्या खालच्या टोकाला वळसा घेतलेलं रुंद पातं. मळसूत्रच म्हणा. तळावर उभं करून फिरवलं की आत उतरत जातं. त्या पात्याचा आकार आणि ते किती वेगाने फिरवायचं, हे मी ठरवलंय, मामा. काल बंदरावर खांब आडवा ठेवलेला पाहिला. पात्याखाली आपली न्हाणी मावेल. मी हात लावला आणि काढून घेतला, दुसऱ्या कुणाची वस्तू असल्यासारखा.

जूनमध्ये खांब घालायला जाणाऱ्या जहाजावर मी असेन. आईला कळू देऊ नका. गंगाखेडला गोदागंगेत नाव उलटून बाबा गेले तेव्हा मी रांगत होते. मला बाबा आठवत नाहीत, पण नदीचा पूल आला की आईने गाडीत डोळ्यांवर पदर ओढलेला आठवतो.

तुमची
सुकेशनी


पूर्णा
२४ मार्च २०२५

चि. सुकेशनीस मामाचा जय भीम आन लय लय आशीर्वाद.

पत्र भेटलं. पंचफुला गिरणीत गेलती तवा ओट्यावर बसून मनातल्या मनात वाचलं. निम्मं कळलं न्हाई म्हणून पुन्हा वाचलं. परवा ती बाजारात गेलती तवा आणखी एकदा वाचलं. तिला एवढंच सांगितलं की तुझी पोरगी खुशाल हाय, वाळूत काम करायलीय. माझ्या तोंडून दुसरा शब्द निघाला न्हाई, तू बिनघोर ऱ्हा.

आता मला जे समजलं ते असं. समुद्राच्या बुडाला भोक पाडायचं आन होल्डरात बल्ब बसवावा तशी पवनचक्की पिळून बसवायची. बरोबर हाय का? मंग वारा सुटल्यावर ती गरागरा फिरंल आन उलटी उकलून निघंल की! याचा इचार तुमच्यातल्या कुणी केलाय का न्हाई?

आन दुसरं. खांबच रोवायचा तर घण घालून ठोकायचा सोडून ह्यो पिळायचा कारभार कशाला? आमी रेल्वेत जे काई केलं ते ठोकूनच केलं.

पात्याखाली आपली न्हाणी मावंल असं लिव्हलंस. मी उठून न्हाणी बघून आलो. चारी कोपरे बघितले. एवढं लोखंड तुझ्या डोस्क्यातून निघालं!

इकडं ऊन तापायलंय. पंचफुलाचे गुडघे बरे हायत. तू जेवत जा.

तुझा मामा
सूर्यभान


ॲबर्डीन
१४ एप्रिल २०२५

ती. मामांस सविनय जय भीम, आणि जयंतीच्या शुभेच्छा. तुम्ही आज सकाळीच नीळ घातलेला सदरा चढवून निघाला असाल.

बल्बावर मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. मामा, पवनचक्की वर पाण्यावर तरंगते. खाली फक्त खांब. आणि साखळी खांबाला पिळत नाही, ओढते. सगळा खेळ ओढण्याचा आहे.

दावणीचा खुंटा घ्या. बैलाने हिसडा मारला की ठोकलेला खुंटा उपटून येतो, कारण त्याला धरून ठेवायला मातीची फक्त घासण असते. त्याच खुंट्याला खाली पातं असेल तर? मग बैलाला खुंटा उपटताना पात्यावरची सगळी माती सोबत उचलावी लागेल. समुद्रातला बैल म्हणजे वादळ. त्याला हिसडा मारायचाच असेल तर त्याने अख्खा तळ उचलावा, असं आमचं म्हणणं.

हातोड्याबद्दल विचारलंत. समुद्रात खांब ठोकतातही. त्याचा घण घराएवढा असतो, आणि त्याचा आवाज पाण्यातून कोसच्या कोस जातो. इथे पॉरपॉइज नावाचे प्राणी आहेत, डॉल्फिनचे धाकटे भाऊ म्हणा. पाठ काळसर, तोंड गोल. ते बारीक आवाज सोडतात आणि परत येणाऱ्या आवाजावरून त्यांना वाट कळते, मासा कळतो, आपलं पिल्लू कुठे आहे ते कळतं. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही. कान गेले की सगळं गेलं. घण सुरू झाला की ते दूर पळतात. जवळ राहिले तर बहिरे होतात.

पिळलेला खांब जवळजवळ गप्प जातो. हे काम मी निवडलं त्याचं हे एक कारण आहे. हे तुम्हाला लिहावं की नाही, असा विचार करत बराच वेळ पेन हातात धरून बसले होते.

तुमची
सुकेशनी


पूर्णा
९ मे २०२५

चि. सुकेशनीस जय भीम.

घोटाळा झाला. पंचफुलाला सगळं कळलं.

मला वाटायचं मी मनातल्या मनात वाचायलोय. बहिऱ्या माणसाला स्वतःचाच आवाज कळत न्हाई, ही गोष्ट मला या वयात समजली. माझं मनातलं वाचणं शाळेच्या मैदानापर्यंत जातंय म्हणं. सगळ्या गल्लीला दीड म्हैन्यापासून ठाऊक, फकस्त घरात न्हाई. मागल्या आठवड्यात शेजारच्या कमलबाई पेढे मागायला आल्या. म्हणल्या, "पंचफुलाबाई, पोरीचं जमलं आन आमाला सांगितलं न्हाई! समुद्रात मंगळसूत्र घालणार म्हणं!" मी वाचलेलं मळसूत्र, त्यांच्या कानात मंगळसूत्र.

पंचफुला हसली. मंग तिनं इचारलं, "समुद्रात?"

माझ्याकडं आली. ती बोलताना मी तिच्या ओठांकडं बघतो, मला तिचं सगळं कळतं. मला खोटं बोलता आलं न्हाई. तिनं पत्रं मागितली, छातीशी धरून बसली. तिला वाचता येत न्हाई तरी एकेक पान उलटत होती. चार दिवस माझ्याशी बोलली न्हाई. काल म्हणली, दादा, लिहून घ्या. ती म्हणली तसं लिव्हतो.

"सुकेशनी, तू शिकली, मोठी झाली. कुठं जावं ते मला इचारू नको. पन मला फसवू नको. तुझे बाबा गेले त्या दिवशी पन मला दुपारपर्यंत कुणी सांगितलं न्हाई. सगळे म्हणले, आश्रुबा येतोय, येतोय. मी भाकरी झाकून बसले."

एवढं बोलून ती उठून गेली.

आता माझं. पॉरपॉइजाचं वाचलं. तुला ठाऊक हाय, लोको शेडात इंजन थंड झालं की आमाला बायलरच्या पोटात उतरवायचे. आत हातोडीनं खपल्या झाडायच्या. एक माणूस आतून मारायला, दुसरा भायेरून. तो आवाज कानात ऐकू येत न्हाई, दातात ऐकू येतो. आपला मुलूख कापसाचा, पन कानात घालायला बोंडभर कापूस कुणी दिला न्हाई, आन आमच्या बी ध्यानात आलं न्हाई.

आन तिकडं पाण्यातल्या जित्राबाचे कान जाऊ नयेत म्हणून माणसं एवढं लोखंड वाकवायलीत. मला पयले राग आला, खरं सांगतो. मंग राग गेला. तुझ्यासारखी माणसं जगात निपजायलीत, हेच मला मोठं वाटायलंय.

सूर्यभान


ॲबर्डीन
२८ जून २०२५

ती. आईस जय भीम.

मामा, हे पत्र मोठ्याने वाचा. सगळ्या गल्लीने ऐकलं तरी चालेल.

आई, पुन्हा तुला फसवणार नाही. समुद्रावर जायच्या आधी तुला कळेल, आणि परत आल्यावर पहिल्यांदा तुलाच कळेल. मी परत आलेय. धडधाकट आहे. आता काय पाहिलं ते ऐक.

किनारा मागे पडला आणि मग कुठेच काठ उरला नाही. थाळीच्या मध्यावर मुंगी असावी तसे आम्ही. इथे जूनमध्ये सूर्य मावळायला तयार नसतो. पाणी कधी शिशासारखं, कधी नुसतं लखलखणारं. जहाजावर सगळे आपापल्या कामात होते, मी मात्र कठडा धरून बघत राहिले. मला भीती वाटली, आई. पण ती पळून जावंसं वाटायला लावणारी भीती नव्हती. एखाद्या फार मोठ्या माणसासमोर आपण हळू बोलतो ना, तशी.

जहाजावरून एक यंत्र तळाला सोडलं. त्याने खांब उभा धरला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंधूक हिरवं पाणी, आणि पांढुरक्या वाळूवर टेकलेलं माझं पातं. आमची प्रमुख मोराग नावाची बाई आहे, तिने हात वर केला आणि पातं फिरू लागलं. वाळू जराशी उसळली, बसली. खांब उतरायला लागला, सावकाश, आपली वाट आधीपासून ठाऊक असल्यासारखा. तो फिरवायला किती जोर लागतो ते समोर दिसत होतं. मी हिशोबात धरला होता तितकाच.

निम्मा गेला आणि जोर एकदम चढला. खांब अडला.

मोराग म्हणाली, "सुकेशनी, पातं तुझं आहे. रेटायचं की काढायचं?"

यंत्रात ताकद शिल्लक होती. दोघे-तिघे म्हणाले, रेटा, हवा पालटायला लागलीय. आज जमलं नाही तर जहाज दुसऱ्या कामाला जाणार आणि माझा खांब वर्षभर बंदरावर गंजणार. पण रेटताना पातं वाकलं असतं तर वरून कुणालाच दिसलं नसतं. खांब सरळ उभा दिसला असता. मग त्याच्या भरवशावर पवनचक्की बांधली असती, तिच्यावर माणसं कामाला चढली असती, आणि एखाद्या वादळात तो सुटला असता.

मी म्हणाले, "उलटा फिरवा."

ठोकलेला खांब असा परत मागता येत नाही. माझा आला. जसा गेला तसा वर आला. पात्याच्या कडेवर दगडाचा ओरखडा होता. हजारो वर्षांपूर्वी हा समुद्र नव्हता, इथे बर्फाचे डोंगर होते. ते सरकताना गोटे घेऊन आले आणि वितळताना सोडून गेले. माणूस शेती करायला शिकला नव्हता तेव्हापासून तो गोटा त्या वाळूत पडलाय. मी त्याच्या दारावर टकटक करून परत आले.

थोडं बाजूला सरकून पुन्हा सुरुवात केली. वाऱ्याने झेंडा फडफडायला लागला होता. खांब निम्म्यापर्यंत गेला, त्याच्या पुढे गेला, आणि जातच राहिला.

तेवढ्यात एका माणसाने माझ्या कानांना यंत्र लावलं. पाण्यात त्यांनी माइक सोडला होता. पॉरपॉइजांचा आवाज आपल्या कानांना ऐकू येण्यापलीकडे बारीक असतो, ते यंत्र तो आपल्याजोगा करून देतं. मला ऐकू आलं, टिक टिक टिक टिक, कुणीतरी लांबवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्यासारखं. माझा खांब तळात उतरत होता आणि ते त्याच्या बाजूने आपसात बोलत निघाले होते. कुणी पळालं नाही. कुणी गप्पसुद्धा झालं नाही.

मी रडले. मोरागने मला चहा आणून दिला, आणि तिचेही डोळे ओले होते.

तुझी
सुकेशनी


पूर्णा
२१ जुलै २०२५

चि. सुकेशनीस जय भीम.

पत्र मोठ्यानं वाचलं. मी वाचायलो तवा ओट्याखाली माणसं जमली. मला कुणाचं काई ऐकू येईना, म्हणून मी त्यांची तोंडं बघत वाचत होतो. खांब अडला तवा कमलबाईनं हाताची मूठ तोंडात घातली. "उलटा फिरवा" वाचलं तवा पंचफुला एकदम ताठ बसली. पॉरपॉइजाच्या जागी सगळे हालायचे थांबले, म्हणून मला वाटलं माझंच काई चुकलं. वर बघितलं तर पंचफुलाच्या डोळ्यांतून धार लागलेली.

दुसऱ्या दिवशी म्हणली, दादा, मला गंगाखेडला न्या.

रेल्वेनं गेलो. पूल आला. मी तिच्या पदराकडं बघत होतो. हात पदराकडं गेला आन खाली आला. गंगेला पूर हाय, पाणी तांबडं, काठाला लागलेलं. तिनं सगळी गंगा बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मंग आमी घाटावर गेलो. वरच्या पायरीवर बसलो. नाव कुठं उलटली ते तिनं मला बोटानं दाखवलं. इतक्या वर्षांत मी इचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. मी म्हणलो, पाण्याचा आवाज कसा येतोय? तिनं माझा हात घेतला आन तळव्यावर बोटानं हळू हळू घासून दाखवलं. असा, म्हणली.

मंग तिनं इचारलं, "दादा, समुद्र याच्या किती पट?"

मी म्हणलो, "मोजता येत न्हाई. इथं पलीकडचा काठ दिसायलाय. तिथं काठच न्हाई."

ती पाण्याकडं बघत ऱ्हायली. म्हणली, "आन तिथं आपली पोरगी म्हणली, उलटा फिरवा. आन सगळ्यांनी ऐकलं."

एवढंच चारदा म्हणली. परत येताना गाडीत झोपली. पूल कधी गेला तिला कळलं न्हाई.

सूर्यभान


ॲबर्डीन
१९ जानेवारी २०२६

ती. मामांस आणि आईस जय भीम.

ऑगस्टमध्ये खांबाला साखळी जोडली, सांगाडा जोडला, हे मागे लिहिलंच होतं. तेव्हापासून सगळे हिवाळ्यातल्या मोठ्या वादळाची वाट बघत होते. मागच्या आठवड्यात ते आलं.

मी समुद्रावर नव्हते, आई. किनाऱ्यावरच्या खोलीत होते. खिडकीबाहेर माणसं वाऱ्यात कलून चालत होती. समोरच्या पडद्यावर साखळीला किती ओढ बसतेय त्याची रेघ. लाट आली की रेघ वर चढायची, लाट गेली की उतरायची. दुपारी लाटा पूर्णा स्टेशनच्या पुलाच्या वर गेल्या असत्या एवढ्या झाल्या. रेघ आमच्या हिशोबाच्या टोकाला जाऊन टेकली. मोरागने माझा खांदा धरला होता, दुखेपर्यंत. सगळ्या समुद्राने मिळून एकदा ओढून बघितलं असं वाटलं. मग रेघ खाली आली. पुन्हा तेवढी वर गेली नाही.

निवळल्यावर आम्ही जाऊन आलो. (आई, आदल्या दिवशी तुला निरोप पोचला होता ना?) पवनचक्की आपल्या जागी होती. पाती सावकाश फिरत होती, काल काही झालंच नाही अशी. त्या क्षणी कुठल्यातरी गावात कुणीतरी त्याच विजेवर चहा ठेवला असेल आणि त्याला यातलं काही ठाऊक नसेल.

तळाला कॅमेरा सोडला. मला वाटलं होतं वाळू फाटलेली असेल. तर साखळी वाळूतून वर निघालेली, वाळू सपाट, आणि साखळीच्या पहिल्या कडीवर एक खेकडा पाय पसरून बसलेला. कॅमेऱ्याच्या उजेडाने तो जरा चिडला. बाकी सगळं शांत. आम्ही बराच वेळ नुसता तो खेकडा बघत होतो.

आता असेच आणखी खांब घालायचं ठरलंय. त्यामुळे मी इथे अजून काही वर्षं आहे. म्हणून विचारते. उन्हाळ्यात याल का? मामा, तुम्ही याल हे मला माहीत आहे. आई, तू काठावर बसलीस तरी चालेल.

तुमची
सुकेशनी


पूर्णा
१२ फेब्रुवारी २०२६

चि. सुकेशनीस जय भीम.

तुझं पत्र वाचून झालं तशी पंचफुला म्हणली, "काठावर बसायला एवढ्या लांब कशाला जायचं? बोटीत किती जणं बसतात ते इचारा तिला." तवा तू तेवढं कळीव.

काल आमी दोघं पासपोर्टच्या कामाला परभणीला गेलो. माझा फोटो पट्‌दिशी निघाला. मंग ती बसली, निळं लुगडं, डोईवर पदर सारखा करून. फोटोवाला काईतरी म्हणला. मला ऐकू आलं न्हाई, पन त्यानं तोंडावर बोट ठिवून दाखवलं. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतंय म्हणं, तोंड मिटलेलं पायजे. तिनं मिटलं. त्यानं क्यामेरा डोळ्याला लावला की पुन्हा ओठ उघडले. त्यानं क्यामेरा खाली घेतला. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. त्यो घामाघूम झाला. मला हातानं इशारा केला की बाबा, तुमी तरी सांगा.

मी सांगाया म्हणून तिच्या समोर गेलो आन बघितलं तर माझंच तोंड मिटंना.

शेवटी त्यो म्हणला, मावशी, उद्या या. आज बी गेलतो, आज बी जमलं न्हाई. उद्या पुन्हा जाणार हाय.

तुझा मामा
सूर्यभान